कापड बाजारातला तिसरा मजला

बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि आम्हाला क्वार्टर सोडावं लागलं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. त्याच सुमारास शहराचे नियम बदलले. बाजारपेठेतल्या इमारतींत वर घरं काढायला परवानगी मिळाली. बडा फुहारा चौकाजवळच्या एका कापड कॉम्प्लेक्सच्या मालकानं तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या ऑफिसांचे फ्लॅट केले. मी शिकवत होते ती शाळा तिथून जवळ होती.

घर बघायला गेलो तेव्हा बाबांनी खोल्या पाहिल्याच नाहीत. आयुष्यभर बारूद हाताळलेला माणूस. कुठंही शिरले की आधी बाहेर पडायची वाट बघायचे.

"दूसरी सीढ़ी किधर है?" त्यांनी मालकाला विचारलं.

"अंकलजी, यहाँ तो शुरू से एक ही है."

"दुकानं होती तवा चालून जात होतं," बाबा मला मराठीत म्हणाले. "लोक संध्याकाळी घरी जात होते. आता माणसं झोपतील इथं."

"परवानगी आहे न, बाबा. काहून इतका विचार करून राहिले तुम्ही?"

त्यांनी मालकाला होकार दिला. मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर घाऊक व्यापाऱ्यांची गोदामं होती. कापडाचे गठ्ठे आधी दाराबाहेर आले, मग जिन्यावर. आम्ही अंग चोरून चढायचो. खाली जिन्याच्या तोंडाशी शटर होतं, त्याच्यापाशी सगळ्या इमारतीच्या मीटरची पेटी होती. बाबा येता-जाता त्या पेटीवर तळहात ठेवायचे आणि वर येऊन एवढंच सांगायचे, "गरम आहे."

एका रविवारी दुपारी रबर जळल्याचा वास आला. बाजार बंद होता. शेजारचे तिन्ही फ्लॅट अजून रिकामे होते. बाबांनी दोन टॉवेल भिजवले, माझं मनगट धरलं आणि आम्ही गठ्ठ्यांमधून खाली उतरलो. शटर पाडलेलं होतं. बाहेरून कुलूप.

मीटरच्या पेटीतून काळा धूर निघत होता. बाबांनी जिन्यावर पडलेली कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. धूर थांबला नाही. मी शटरवर हात आपटत ओरडत होते. बाबा माझ्यामागे उभे राहून ओला टॉवेल माझ्या तोंडावर दाबून धरत होते. स्वतःचा त्यांच्या हातून कधीच पडला होता.

शेवटी एका ऑटोवाल्यानं ऐकलं. तो चौकीदाराला घेऊन आला. चौकीदारानं कुलूप काढून शटर वर ढकललं.

"मैं भूल गया," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "भूल गया कि ऊपर लोग रहते हैं."

आग पेटीपुरतीच राहिली; मालकानं ती बदलली, आम्हाला शटरची चावी दिली. हटवलेले गठ्ठे आठ दिवसांत परत जिन्यावर आले. बाबांचा खोकला मात्र गेला नाही. रविवार आला की ते दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. महिन्याभरात आम्ही नेपियर टाउनमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आलो.

मागच्या महिन्यात त्या रस्त्यानं गेले, तर आमच्या खिडकीत लहान बाळाचे कपडे वाळत होते. मी वर गेले. बाळाची आई माझ्याहून लहान होती. मी तिला झालं ते सगळं सांगितलं.

ती ऐकून घाबरली. "दीदी, हमें तो चाबी दी ही नहीं."

मी तशीच खाली उतरले आणि चावी मिळेपर्यंत मालकाच्या खालच्या दुकानात उभी राहिले. ती मी तिच्या हातात नेऊन दिली. बाहेर दोरानं विटा वर चढत होत्या. चौथा मजला सुरू झाला होता.