मास्तरांचा गळ्यातला कॉम्प्युटर

मास्तर निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या कॉम्प्युटरच्या डिस्कनेही मान टाकली. नवी घेतील तर ते मास्तर कसले! त्यांनी डिस्कशिवाय कॉम्प्युटर चालवायला पेनड्राइव्हवर फुकटातलं लिनक्स चढवलं, केलेलं काम साठवायला त्यातच एक कप्पा केला आणि पेनड्राइव्ह नाडीला बांधून गळ्यात घातला. त्या कप्प्यात त्यांचं भूमितीचं पुस्तक होतं. सात वर्षं, अडतीस धडे. दुसरी प्रत? "उत्तर दोनदा तपासा" म्हणून जन्मभर पोरांचं डोकं खाणाऱ्या मास्तरांकडे दुसरी प्रत नव्हती!

बायकोला खोड एकच. रिकाम्या खोलीत बटण चालू दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. सोमवारी मास्तर पेनड्राइव्ह चालू कॉम्प्युटरलाच ठेवून अंघोळीला गेले आणि तिने दिवा, पंखा, कॉम्प्युटर, सगळं एका फटक्यात बंद केलं.

मास्तरांनी परत चालू केलं. लिनक्स सुरू करायचा मेनू आला, आणि पुढे नुसता काळा पडदा. पुस्तक दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायचं होतं.

पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत घालून झाला. वाचनालयातल्या मशीनला लावून झाला. तिथेही तेच. म्हणजे दुखणं पेनड्राइव्हचंच. पण मेनू येतोय, तेव्हा घोळ फक्त कप्प्यात असणार. घरी येऊन त्यांनी मेनूच्या ओळीतून कप्पा जोडणारा शब्द खोडला. लिनक्स मुकाट उठलं. मग त्यांनी कप्प्याच्या दुरुस्तीची आज्ञा दिली.

"सापडलं का हो?" बायको दारातच उभी होती. सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"धडे आहेत. नावं गेली."

धड्याचा क्रमांक मास्तर फक्त फाइलच्या नावात लिहायचे. आता तिथे भलतेच आकडे होते. आणि क्रम त्यांनी इतक्यांदा फिरवला होता की शेवटचा कुठला, तेच आठवेना.

तिने खुर्ची ओढली. "उघडा एकेक. हा विहिरीचा ना? हा शिडीच्या आधी. मागच्या महिन्यात तुम्हीच बदललात, माझा चहा गार होईपर्यंत समजावत होतात."

"तू ऐकत होतीस?"

"मग काय, भिंतीला सांगत होतात?"

मास्तरांना भरून आलं. सात वर्षं त्यांना वाटत होतं, ही नुसती भाजी निवडतेय. संध्याकाळपर्यंत अडतीसच्या अडतीस धडे जागेवर बसले.

"अगं, दुसरी प्रत नाही म्हणून मी उगाच रडत होतो," मास्तर म्हणाले.

"चहा टाकते," ती डोळे पुसत उठली. "आणि ते बटण तुम्हीच बंद करा. मी नाही हात लावणार."