ताराने रुद्रेशला काढलं

तारा माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. मांद्र्यात कोणालाही विचारा, फुटबॉल कोणाला कळतो, तर लोक आधी माझं नाव घेतात आणि मग हळूच म्हणतात, "पण तेच्या भयणीक जास्ती कळता." मला राग येत नाही. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत गोलात उभा राहायचो मी आणि मारायची ती. मी सातवीत शाळा सोडली. ती दहावी पास झाली. असलं डोकं आमच्याच घरात निपजतं, दुसरीकडे नाही.

लग्न होऊन ती डिचोलीला गेली. तिथे बाजारात भाजीचं दुकान लावते आणि चवथ आली की माटोळीचं सामान विकते. गणपतीच्या डोक्यावर बांधायची ती फळाफुलांची माटोळी. सुपाऱ्यांचे घड, आंबाडे, चिबूड, रानातली फळं, सगळं तिच्याकडे मिळतं.

डिचोलीत गोकुळदासबाबाचं हॉटेल आहे. गावच्या क्लबाचे सेक्रेटरी तेच. तालुक्याच्या लीगवर त्यांनी एक खेळ काढला. आठ क्लबांतून आपल्या मनाचे अकरा खेळाडू निवडायचे, एकाला कप्तान करायचं. खरा खेळाडू मैदानात जे करील त्याचे गुण आपल्याला, कप्तानाचे दुप्पट. दर आठवड्याला एकच माणूस बदलता येतो. शनिवारी संध्याकाळी सातच्या आत चिठ्ठी हॉटेलातल्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची, मग गोकुळदासबाब सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचणार. तीस-बत्तीस पुरुष खेळत होते आणि एकटी तारा.

ती का खेळत होती? तिची अंकिता तेरा वर्षांची आहे, पाय मामावर गेलेत. ती आणि आणखी दहा पोरी क्लबाच्या मैदानावर खेळायला मागत होत्या. गोकुळदासबाब म्हणाले होते, "मैदान झिल्यांकच पुरणा नाय. चेडवांक खंय दिव?" तारा ऐकेना, तेव्हा हॉटेलात सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "तू आमच्या खेळात पयली ये. आठवड्याचे दोन दिवस मैदान तुझ्या चेडवांक. नाय इलंस तर परत नाव काढूचा नाय." ताराने तिथल्या तिथे पहिली चिठ्ठी लिहिली.

त्या दिवसापासून तिने जे बदल केले, त्याने हॉटेलातली माणसं चहा सांडायची. गोल मारून मारून लाडका झालेल्या माणसाला ती काढायची आणि कोणी नाव न ऐकलेला बॅक घ्यायची. "ताराबाय, चिबूड विकून विकून डोक्या पिकला गे!" असे टोमणे. दुसऱ्या दिवशी तो बॅक कॉर्नरवर डोकं लावून गोल करायचा. कसं कळायचं? बाजारात बसलं की सगळं कळतं. कोणाची रात्रपाळी लागली, कोणाचं लग्न ठरलं, कोण लंगडत मासे घ्यायला आला. डोळे उघडे हवेत, एवढंच.

शेवटचा आठवडा चवथीचा. चवथ सोमवारी, सामना पुढच्या रविवारी. गोकुळदासबाब पहिले, तारा दुसरी, तेरा गुण मागे. दीड दिवसवाले, पाच दिवसवाले, सगळे तोवर मोकळे होणार म्हणून कमिटीने तो रविवार ठरवला होता. सगळ्यांचा कप्तान एकच, मयेचा रुद्रेश. सोळा गोल मारलेला पोर. ताराचाही तोच.

पण चवथीच्या आदल्या दिवशी रुद्रेशची आई, चंद्रभागाबाय, तिच्याकडे माटोळी घ्यायला आली होती. चिबूड दाबून बघत होती.

"हो घे गे," तारा म्हणाली. "पाच दिवस आरामात टिकात."

"पाच न्हय गो. यंदा सात. रुद्रेशाचो गुडघो बरो जाव दी म्हणून नवस केलेलंय. आता गणपती पोचवताना मूर्ती तेच्याच डोक्यार."

ताराने तिला कच्चा, घट्ट चिबूड दिला आणि बोटांवर दिवस मोजले. सोमवारपासून मोजलं तर सातवा दिवस रविवार.

शनिवारी सकाळी रुद्रेश स्वतः मोटारसायकल थांबवून म्हणाला, "ताराबाय, उद्या तीन गोल! कप्तान माकाच ठेव."

"उद्या गणपती पोचवूचो आसा मा तुमचो?"

"आवशीक समजावतंय मी. काको व्हरतलो मूर्ती."

तो गेला. पोरगा खोटं बोलत नव्हता. अंकिता तर रडायलाच आली. "आई, रुद्रेशाक काढू नको! तेणां गोल मारले तर आमचां मैदान गेलां!"

तारा दुपारभर गिऱ्हाईक करत विचार करत होती. रुद्रेश आईला समजावील, बरोबर. पण गुडघा काकाचा बरा झालेला नव्हता. ज्याचा नवस त्याचंच डोकं. आणि रुद्रेश नसेल तर त्यांच्या क्लबाचे गोल कोण मारणार? म्हणजे समोरच्या संघाचा गोली, गोल अडवणारा, घ्यायचा. तो शिवदास, बेळगावकडचा गवंडी, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा. त्याचा गणपती गावी भावाकडे. तो नक्की खेळणार. संघ मात्र तळाचा.

साडेसहाला तिने चिठ्ठी टाकली. सातला गोकुळदासबाबांनी ती वाचली आणि चष्मा काढून पुन्हा वाचली. "रुद्रेश बाहेर. शिवदास आत. कप्तान शिवदास!" हॉटेल हसून हसून लोळलं. "ताराबाय, मैदानाचा सोड. चेडवांक लंगडी शिकव!"

तारा म्हणाली, "उद्या बोला."

रविवारी मी मांद्र्याहून गेलो, तिच्या शेजारी उभा राहिलो. चार वाजले, रुद्रेश नाही. साडेतीनलाच त्याचा फोन आला होता म्हणे, आईने देवासमोर हात धरून बसवलाय. गोकुळदासबाबांचं तोंड शिळ्या पावासारखं झालं.

तरी सोपं नव्हतं. रुद्रेश नसला तरी त्याचा क्लब तुटून पडला. शिवदासने एक अडवला, दोन अडवले, चार अडवले. दुसऱ्या मैदानावर गोकुळदासबाबांचे बाकीचे खेळाडू गोल मारत होते, मुलगे फोनवर सांगत होते. पाच मिनिटं उरली तेव्हा अंकिताने हिशेब केला. गोल खाल्ला नाही तरी चार गुण कमी.

आणि पंचाने पेनल्टी दिली. शिवदासच्या विरुद्ध.

ताराने माझं मनगट पकडलं. एरवी पेनल्टी मारायचा रुद्रेश. आज एक बॅक पुढे आला, चेंडू तीनदा ठेवला, तीनदा उचलला. तारा पुटपुटली, "हो डाव्याक मारतलो. घाबरलेलो माणूस मधे नाय मारणा." शिवदास डावीकडे झेपावला. चेंडू त्याच्या छातीवर आपटला आणि बाहेर गेला.

अडवलेल्या पेनल्टीचे पाच, कप्तानाचे दुप्पट. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा तारा सहा गुणांनी पहिली. मी ओरडलो ते मयेत ऐकू गेलं असेल. अंकिता आणि पोरी मैदानात धावल्या, पंच हाकलत होता तरी.

गोकुळदासबाब आले. "तुका ठावक होता. सांगलंस कित्या नाय?"

"गोकुळदासबाब," तारा म्हणाली, "एक चिबूड घेताना चारदा विचारतास, हो टिकात मा गे? रुद्रेशाचा तेवढा विचारूक नाय."

ते हसले. मानलं पाहिजे, मोठ्या मनाने हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही मैदानावर पोचलो तर गोकुळदासबाब आधीच हजर, जाळी बांधत होते. अकरा पोरी ओळीत उभ्या. कामावर जायच्या आधी शिवदासही आला होता, हातात थापी, आणि कौतुकाने गोलात जाऊन उभा राहिला. "बाई, तुम्हीच मारा पहिला."

मी त्याला सांगणार होतो, ती डावीकडे बघते तेव्हा उजवीकडे मारते. सांगितलं नाही. ताराने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली, डावीकडे बघितलं. काल पेनल्टी अडवलेला शिवदास डावीकडे झेपावला आणि चेंडू उजवीकडून जाळ्यात गेला.