परडीतलं मूठभर पीठ

फेब्रुवारी २००७, मंगळवार. ठिकाण मखमलाबाद, नाशिकजवळ. घरी हजर: माझी आई, माझे मिस्टर, मी आणि सात वर्षांची भाची सोनी.

सोनीला जन्मापासून एचआयव्ही. त्याच आजारानं माझा भाऊ आणि वहिनी गेले, तेव्हापासून ती आणि आई आमच्याकडे. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की हा विषाणू शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच मारतो. मोठ्यांची राखण तयार झालेली असते, लेकरांची अजून घडत असते, म्हणून लेकरं लवकर खचतात. पण गोळ्या नेमानं मिळाल्या तर नव्या पेशीही लेकरंच जोमानं घडवतात. हे कळल्यावर मी घराला शिस्त लावली. पाणी उकळलेलं, गोळ्यांना गजर. देवाचं तेवढं आईवर सोडलं. भाऊ गेल्यापासून माझे हात जोडले जात नव्हते.

त्या सकाळी सोनीच्या अंगावर कांजिण्या उठल्या. आईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला, गोळ्यांचा डबा देवीपुढे ठेवला आणि स्वतः डब्यापुढे आडवी बसली. आमच्याकडे कांजिण्या म्हणजे देवीच्या बाया घरी येतात, आणि त्या घरात असेपर्यंत औषध बंद, दवाखाना बंद. मी सांगून पाहिलं की इतर पोरांच्या कांजिण्या आपोआप जातात, हिच्या फुप्फुसात उतरू शकतात, आणि गोळ्या थांबल्या तर विषाणू पुन्हा उसळेल.

"अन् बाया कोपल्या तर? एक लेकरू घालवलंय मी," आई म्हणाली.

मिस्टर रिक्षा आणायला गेले होते. डबा हिसकावणं मला जमेना. कित्येक वर्षांनी मनात म्हटलं, जगदंबे, माझी अक्कल इथं संपली.

थोड्या वेळानं दारात जोगवा मागणारी एक बाई उभी राहिली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. आमच्या ओळखीची नव्हती. लिंबाचा डहाळा पाहून तिनं पीठ मागितलंच नाही, लेकरू कसं आहे ते विचारलं. आईनं आजाराचं नाव सोडून सगळं सांगितलं.

"म्हातारे, बाया पाहुण्या आल्यात. घरातलं लेकरू औषधावाचून तळमळतंय, हे कोणत्या पाहुणीला बरं वाटंल?"

"पण रीत हाय ना, बाई."

"रीत मला नको सांगू. परडी माझ्या हातात हाय. पोरीला दवाखान्यात ने. बरी झाली की तिच्या हातानं मूठभर पीठ घाल."

आई उठली. तिनं डबा स्वतः माझ्या हातात दिला आणि बजावलं, पिशवीत लिंबाचा पाला घे. घेतला.

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. कांजिण्यांचं औषध लागू पडलं आणि रोजच्या गोळ्याही चुकल्या नाहीत. पुढच्या तपासणीत सोनीच्या पेशी वाढलेल्या निघाल्या. तेव्हापासून आई संध्याकाळची गोळी दिवा लावून स्वतः देते.

ती बाई पुन्हा आली नाही. ती कोण होती, याचा मी तपास केला नाही, आणि माझ्या स्वभावाला हे नवीनच. आपल्याला जमतं ते चोख करावं आणि उरलेलं जगदंबेच्या पायाशी ठेवावं, एवढं मात्र कळलं. माझे हात आता जोडले जातात.

सोनी आता दहा वर्षांची आहे. मंगळवारी जोगवा मागायला कुणीही येवो, पीठ तीच घालते. परवा परडीत मूठ रिकामी करून तिनं विचारलं, "आत्या, मी तर बरी झाले. मग गोळ्या कशाला?"

तुझ्या अंगातल्या राखणदारांसाठी, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. आजाराचं नाव तिला सांगायचं अजून राहिलं आहे.