शेरूचा गुडघा आणि कोराडीची बस

काल धरमपेठेत भाचीकडे गेले, तर घरात सगळे चिडीचूप. तिच्या लॅब्रेडॉरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय... आता त्याच्याच रक्तातून काढलेलं काहीतरी त्या सांध्यात टोचतात. त्यानं सांधा सावरायला मदत होते म्हणे.

भाची कौतुकानं समजावत होती आणि मी मनानं केव्हाच पोचले होते नागपूरजवळच्या कोराडीच्या कॉलनीत, ऐंशीच्या दशकात.

बाबा पॉवर स्टेशनला शिफ्ट ड्यूटीवर. शेरू आमचा गावठी कुत्रा. शिफ्टची बस वळणावर आली की हा सुसाट स्टॉपवर. मग दोघं रुबाबात घरी यायचे. आईला मात्र कुत्रं नकोच होतं... शेरूची हद्द अंगणापर्यंत. त्याचा एक केस घरात दिसला तरी ती अख्खी खोली धुवायची.

एकदा नालीवरून उडी मारताना शेरूच्या गुडघ्यातला बंध तुटला. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं. तेव्हा कुठली आलीत असली इंजेक्शनं... डॉक्टर म्हणाले, "आतून भरून यायला वेळ द्या. आत्ता उड्या मारल्या तर पाय कायमचा गेला समजा."

आता हे कुत्र्याला कोण सांगणार? दिवसभर गुमान पडून राहायचा, पण बसचा आवाज आला की साखळी तोडायला बघायचा. बाबांनी डोकं चालवलं आणि एक स्टॉप आधीच उतरून पायी यायला लागले. झालं उलटंच. बस आली, थांबली, गेली... आणि बाबा काही दिसेनात. शेरूनं असा आकांत मांडला की आम्ही सगळेच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी आई बसच्या वेळेआधी अंगणात गेली. त्याच्याशेजारी फतकल मारून बसली आणि पाठीवर हात ठेवला. "काहून उठून राहिला गा? येऊन राहिले ना ते. पाय पक्का होऊ दे पयले."

ज्याचा केस तिला घरात चालत नव्हता, त्याचं डोकं तिच्या मांडीवर. बाबांनाही तिनं बजावलं, "तुमी आपल्याच स्टॉपवर उतरत जा जी."

मग ते रोजचंच झालं. पुढे डॉक्टरांनी हळूहळू चालवायला सांगितलं, तेव्हा पट्टाही आईनंच धरला. शेजारणी हसायच्या... ती तिकडे बघायचीसुद्धा नाही.

एका संध्याकाळी दोघं स्टॉपपर्यंत पोचली. मी मागेच होते. बाबा उतरले, शेरूची शेपटी नुसती भिरभिरत होती, पण चारही पाय जमिनीवर. बाबा मात्र आईकडेच बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, ती त्यांना घ्यायला कधी आली नव्हती.

"तू बी आली वं?"

"कुत्र्यासाठी आली मी," आई म्हणाली.

शेरू त्या पायावर पुढे बरीच वर्षं हिंडला. काल भाचीच्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवताना मी मनातल्या मनात शेरूचे आभार मानले... कारण तो गेल्यावरही, बाबा रिटायर होईपर्यंत, बसच्या वेळी आई स्टॉपवर जातच राहिली.