चौथा रकाना

"मुलीचं अक्षर सुरेख आहे. बाकी तिला काय विचारायचं?"

व्हरांड्यातून साहेबांचं हे बोलणं कानावर आलं तेव्हा मी आतल्या टेबलाशी नक्कल करत होते. टाक मी थांबू दिला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे ते दिवस. साहेब न्यू गिनी बेटावर बरीच वर्षं धर्मप्रचार करून आलेले. छाती दुबळी म्हणून लोणावळ्याला बंगला घेऊन राहत. त्या बेटावरच्या एका नदीकाठच्या चार गावांचे शब्द त्यांनी वहीत पेन्सिलीने टिपून आणले होते. या बोल्या एकाच घराण्यातल्या, हे त्यांना लेखात दाखवायचं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून वडिलांच्या ओळखीने मला हे काम मिळालं. एका शब्दाला एक कार्ड, कार्डावर चार रकाने, दर गावाला एक. आग, दगड, ऊ, आई.

"चौथं गाव तुमची मांडणी बिघडवतं," पुण्याहून आलेले प्राध्यापक म्हणाले.

"ते काढूनच टाकतोय. बाकीचे प म्हणतात तिथे हे नुसता ह म्हणतात. ही भाषा नव्हे, झीज आहे. आळशी जिभा."

आळशी हा शब्द मी शाळेत ऐकला होता, आम्हा देशी मुलींबद्दल. घरी तोच मी खेड्यातल्यांच्या बोलण्याबद्दल वापरला होता. कान तापले. कुणी पाहू नये म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या दारी गेले.

तिथे बंगल्यावर कामाला असलेल्या, बेडसे गावच्या मावशी अंघोळीचा बंब पेटवत होत्या. त्यांच्या हातात साहेबांच्या वहीची फाडलेली पानं होती. चौथ्या गावाची.

"मावशी, ही कुठून आणली?"

"सायबानंच दिली. म्हनाला, जाळ. मला तर समदी मुंग्यांची रांगच दिसती. काय लिवलंय?"

"तिकडचे लोक आईला काय म्हणतात, आगीला काय म्हणतात, ते."

"मंग जाळाय कशापायी दिलं?"

मी वाकून बंबात पाहिलं. बरीच पानं जळून गेली होती. आता ते गाव सबंध असं फक्त माझ्या कार्डांवर उरलं होतं.

मावशी कुठं-ला कुटं म्हणत, आठ-ला आट, काठी-ला काटी. मी एके काळी त्यांना सुधारत असे, त्याची त्या क्षणी लाज वाटली. ठ-चा हा ट त्यांच्या तोंडी कधी चुकत नसे. आळस असता तर कधी झाला असता, कधी नसता. चौथ्या गावाचा ह मला शेकडो कार्डांत एकदाही चुकलेला दिसला नव्हता. शिवाय त्या गावाच्या शब्दांना शेवटी बाकीच्यांत नसलेला स्वर होता, कुठे आ, कुठे इ, कुठे उ. मागाहून चिकटवलेला असता तर सगळीकडे एकच असता. म्हणजे तो जुना होता. बाकीच्या तीन गावांनी गाळला, या गावाने ठेवला. मूळ शब्द शोधायचा तर विचारायचं याच रकान्याला, आणि हे साहेब त्यालाच झीज म्हणत होते.

हे महिनाभर माझ्या मनात होतं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

परत आले तर टेबलावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता. साहेब दारात उभे. "सगळी पुन्हा उतरव. तीनच रकाने. जुनी मागच्या दारी बंबात घालायला देऊन टाक."

प्राध्यापक चहा ढवळत होते. मी जुनी कार्डं उचलून छातीशी धरली. 

"ही मी देणार नाही, साहेब. ते लोक आळशी नाहीत. तीन गावांनी टाकलेला शेवटचा स्वर त्यांनी सांभाळलाय. चौथा रकाना गाळायचा असेल, तर तुमच्या अक्षरात गाळा."