कोरडी गादी

सकाळची घंटा व्हायच्या आत मावशी आमच्या खोलीत यायची आणि एकेकीच्या गादीखाली हात घालून बघायची. ओली लागली की त्या मुलीला हळूच उठवायची, कपडे बदलायची, गादी उलटी करायची. वहीत नोंद करायचा नियम होता. तिने तो कधी पाळला नाही. अनाथ मुलींच्या त्या वसतिगृहात आम्ही तेवीस जणी होतो. कोणाची गादी भिजते हे तिच्याशिवाय कोणाला कळायचं नाही.

चिमणी तर तिच्याच मांडीवर वाढलेली. पुढे एक शिक्षिका दर रविवारी चिमणीला भेटायला येऊ लागल्या आणि मावशीच्या पोटात दुखायला लागलं.

"आली का अत्तराची बाटली?" ती दोरीवर चादरी वाळत घालता घालता म्हणायची. "आठवड्यातून एकदा माया करायला काय जातं! उवा आम्ही काढायच्या."

शनिवारपासूनच चिमणी फाटकाकडे बघत बसे. बाईंनी दिलेली रिबीन मावशीने कपाटावर टाकली आणि तिच्या वेण्या इतक्या करकचून घातल्या की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बाईंनी तिला कायमचं घरी न्यायचं ठरवलं. अधीक्षकबाईंनी मावशीला बोलावून त्यांच्यासमोरच विचारलं, मुलीबद्दल काही सांगण्यासारखं आहे का. मी टॉवेलांच्या घड्या घेऊन दारात उभी होते.

"गादी ओली करते," मावशी म्हणाली. "रोज."

माझी खाट चिमणीच्या शेजारची, आणि मला घंटेआधीच जाग यायची. दोन वर्षांत मावशीने तिची गादी एकदाही उलटी केली नव्हती.

बाईंनी पिशवीतून वही काढली. "मग मला नीट सांगा. किती वाजता उठवायचं? खाली काय अंथरायचं? तुमच्याइतकं तिचं दुसरं कोणाला माहीत असणार?"

मावशी त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली. साबणाने सुरकुतलेली बोटं तिने मुठीत मिटली.

"उठवायला नको," ती शेवटी म्हणाली. "कोरडी असते पोर. मी खोटं बोलले."

बाईंनी वही मिटली नाही.

पुढच्या रविवारी चिमणी निघाली. मावशी तिची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेली, पण तिच्याकडे बघेना. पिशवी बाईंच्या हातात देताना तेवढं म्हणाली, "भिंतीकडची बाजू द्या तिला. आणि पांघरूण ओढू नका, चावते."