एका मुठीत दोन ब्रेक

मनगटाचं प्लास्टर निघालं, तरी माझ्या डाव्या हाताची पकड पूर्वीसारखी आली नाही. मी देवपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. उजव्या हाताने फळ्यावर काढता येत होतं, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास दुधावरच्या सायीच्या रंगाची एक सायकल जोडून घेत होते. एकेक भाग स्वतः निवडलेला: तपकिरी सीट, चकचकीत बारीक हँडल आणि त्याला शोभतील असे नाजूक चंदेरी ब्रेक लिव्हर.

सायकल जोडणाऱ्या आक्का साठीच्या. नवऱ्यामागे दुकान त्यांनीच चालवलं. त्यांनी मला लिव्हर दाबून बघायला सांगितलं आणि माझ्या बोटांकडे बघत राहिल्या.

“ताई, तुमना डावा हातमा जोर नही शे.”

मग त्यांनी खोक्यातून एक जाड, काळा लिव्हर काढला. अपंगांच्या तीनचाकीचा. उजव्या हाताने तो एकच दाबला, की पुढचा-मागचा ब्रेक एकाच वेळी लागतो.

“शोभणार नाही हा,” मी म्हणाले. खरं तर तो कशाचा आहे, तेच मला टोचलं होतं. आक्कांनी वाद घातला नाही. माझेच लिव्हर बसवून दिले.

चौथ्या दिवशी पांझरा नदीच्या पुलावर पुढची रिक्षा अचानक थांबली. डावा लिव्हर अर्धाच दाबला गेला. घाबरून उजवा करकचून आवळला, पुढचं चाक अडलं आणि मी रस्त्यावर. गुडघा सोलवटला, एवढंच. सायकल ढकलत मी सरळ दुकानात गेले.

आक्कांनी आधी गुडघा धुतला, चहा पाजला. ‘मी सांगितलं होतं’ असं एका शब्दानेही म्हणाल्या नाहीत. काळा लिव्हर बसवला आणि डावीकडे मोकळ्या झालेल्या जागी, मला आवडेल म्हणून, एक पितळी घंटी लावली. माझे डोळे भरून आले.

दिवाळीत सायकल टेम्पोत घालून एरंडोलला माहेरी नेली. पद्मालयच्या रस्त्यावर, उतारावर शेळ्या आडव्या आल्या. मूठ दाबली, सायकल सरळ, शांतपणे थांबली. तिथूनच आक्कांना फोन लावला.

“बठ्ठं बरं शे ना?” त्यांनी काळजीने विचारलं.

“सगळं बरं आहे, आक्का. तुमच्यामुळे.”

“दुकानमा गिऱ्हाईक शे. मंग बोलूत,” म्हणाल्या, पण फोन लगेच ठेवला नाही.